मिरचीची मर: उपयोगी जिवाणू खरंच चालतात का? कधी आणि कसे सोडावेत?

केळणाकाठ | ८ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. भोकरदन तालुक्यात आमची दरवर्षी दीड एकर मिरची असते. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लावण केली. बेड, मल्चिंग, ड्रिप, सगळं नेहमीसारखं. पहिले तोडे छान निघाले, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मालाला भावही मिळाला. जुलैत आठ दिवस झड लागली आणि तिथून मर सुरू झाली. सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी परत उठायचं. तीन-चार दिवसांनी मात्र उठायचंच नाही. दसऱ्यापर्यंत प्लॉटचा तिसरा हिस्सा गेला. लगडलेली झाडं उपटून बांधावर टाकताना वडील एक शब्द बोलले नाहीत, ते अजून डोळ्यासमोर आहे.

बुरशीनाशकं झाली: दोनदा कॉपरची आळवणी केली, म्हणजे बुंध्याशी ओतलं, एकदा कार्बेन्डाझिम, एकदा मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब. शेवटी दुकानदारानं जिवाणूंची बाटली हातात दिली, म्हणाला हे पण सोडून बघा. कॉपरनंतर तिसऱ्या दिवशी ड्रिपमधून सोडली. काडीचा फरक पडला नाही.

यंदा बी ट्रेमध्ये टाकायला आठवडा आहे. वडील म्हणतात मिरचीचा नाद सोड, मका लाव. मला सोडायची नाही. स्युडोमोनास, बॅसिलस ही जिवाणूंची नावं सगळीकडे ऐकतोय. ज्यांनी स्वतःच्या रानात वापरलंय त्यांनी सांगावं: चालतं का, कोणतं चालतं, आणि कधी सोडायचं?

दुधनेचं पाणी | ८ मार्च, रात्री १०:२५

दादा, आधी एक सांगा, मर कोणती होती? आपल्याकडं झाड वाळलं की सगळ्यालाच मर म्हणतात, पण आत चार वेगवेगळे चोर असतात.

फ्युजेरियमची मर सावकाश येते. खालची पानं पिवळी पडतात, दुपारी झाड उबळतं, संध्याकाळी सावरतं. खोड उभं चिरलं तर सालीच्या आत लाकडात तपकिरी रेघ दिसते. फायटोप्थोराची मर झटक्यात येते. बुंध्याला जमिनीलगत काळपट, ओलसर डाग गोल फिरतो आणि हिरवं झाड दोन-तीन दिवसांत लोंबतं. पाणी साचतं तिथं हमखास हीच. बुंध्याला कापसासारखी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम. चौथी मर बुरशीची नाहीच, जिवाणूची आहे. तिच्यात पान पिवळं न पडता झाड हिरवंच्या हिरवं मान टाकतं. ओळखायला सोपं: नुकतंच उबळलेलं झाड घ्या, बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात नुसता टेकवून धरा. पाच-दहा मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरली तर जिवाणूची मर समजा.

हे कळल्याशिवाय औषध आणि जिवाणू दोन्ही अंदाजपंचे होतात. कार्बेन्डाझिम फायटोप्थोरावर चालत नाही, मेटालॅक्झिल फ्युजेरियमवर चालत नाही. तुम्ही दोन्ही सोडलंत, म्हणजे एक तर नक्कीच वाया गेलं.

केळणाकाठ | ९ मार्च, दुपारी १:१०

आज सकाळी रानात गेलो. खोडव्याची थोडी झाडं विहिरीकडच्या बाजूला अजून उभी आहेत. त्यातली सहा उबळलेली उपटली. बांधावर बसून विळ्यानं खोडं चिरली. सहापैकी पाचांत बुंध्यापासून वर वीतभर तपकिरी पट्टा निघाला, पानात चुना-कात लागल्यासारखा रंग. सालीवरून काहीच कळत नव्हतं. घरून ग्लास नेला होता, त्यात दोन तुकडे धरले. पंधरा मिनिटं थांबलो, पाणी नितळच राहिलं.

आणि आठवून बघितलं तर उताराच्या खालच्या कोपऱ्यातली झाडं वेगळी मेली होती. ती पिवळी पडलीच नाहीत, झड उघडल्यावर आठवड्यात ओळीच्या ओळी गेल्या, बुंधे काळे होते. म्हणजे माझ्या एकाच प्लॉटमध्ये दोन मरी होत्या का?

दुधनेचं पाणी | ९ मार्च, दुपारी १:३५

होय, तसंच दिसतंय. वर फ्युजेरियम, खाली बहुतेक फायटोप्थोरा. एकदा मुळंही बघा, गाठी आहेत का. सूत्रकृमींनी मुळी टोचली की फ्युजेरियमला आयतं दार मिळतं. गाठी असतील तर निंबोळी पेंड बेडमध्येच भरा.

केळणाकाठ | ९ मार्च, दुपारी १:५०

गाठी एका झाडाला होत्या, बाकीच्यांना नाही. पेंड भरतोच.

अदृश्य मळा | ९ मार्च, रात्री ११:०५

मी छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माहेर सिल्लोडकडचं, मिरचीच्या पैशावर शिकले, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. थोडं सविस्तर लिहिते.

फ्युजेरियम जमिनीत जाड कवचाचे बीजाणू करून वर्षानुवर्षं झोपून राहतो. त्याला जाग येते ती मुळीमुळं. मिरचीची कोवळी मुळी सतत साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं पाझरत असते. मुळीभोवतीच्या या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात सगळ्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त जीव गर्दी करून असतात. जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनरनं १९०४ साली या पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव दिलं. बुरशीला मुळीत शिरायचं तर हा पट्टा ओलांडूनच शिरावं लागतं. आपले जिवाणू काम करतात ते इथंच, आणि तिथं आधी कोण पोचलं यावर बरंच ठरतं.

ते नेमकं काय करतात? पहिलं, जागा आणि खाणं अडवतात. दुसरं, लोह पळवतात. स्युडोमोनास फ्लुरोसन्स लोह पकडणारी द्रव्यं सोडतो, त्यांना सिडेरोफोर म्हणतात. जमिनीतलं विरघळलेलं थोडंफार लोह तो बांधून घेतो आणि बुरशीची उपासमार होते. याच द्रव्यामुळं तो ‘फ्लुरोसन्स’ ठरला. आमच्या लॅबमध्ये किंग्ज बी माध्यमावर तो वाढवून प्लेट अतिनील दिव्याखाली धरली की पिवळसर-हिरवी चमकते. पोरंपोरी पहिल्यांदा बघतात तेव्हा लॅबमध्ये एकदम शांतता होते. ही लोहाची स्पर्धा रोगाला आवर घालते हे क्लोपर आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं. आपल्या मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू (पीएच) आठाच्या आसपास असतो, लोह असूनही बांधलेलं असतं. म्हणून ही स्पर्धा आपल्याकडं जास्त तीव्र होते, आणि ती आपल्या बाजूची आहे.

तिसरं, ते बुरशीला मारक द्रव्यं सोडतात. बॅसिलस सबटिलिस आणि त्याची भावंडं इटुरिन, फेंजायसिन, सर्फॅक्टिन नावाची द्रव्यं करतात. त्यातली पहिली दोन बुरशीच्या पेशीचं आवरणच फोडतात.

चौथं मला सगळ्यात थक्क करतं. नेदरलँड्समध्ये १९९१ साली कार्नेशनच्या झाडांवर एक प्रयोग झाला. जिवाणू दिले फक्त मुळांना आणि फ्युजेरियम टोचला थेट खोडात. दोघांची गाठ पडलीच नाही, तरी मर कमी झाली. म्हणजे मुळीवर बसलेल्या जिवाणूमुळं झाडच आतून सावध झालं होतं.

आता यातून निघणारी गोष्ट. हे चारही मार्ग बुरशी आत शिरण्याआधीचे आहेत. तपकिरी पट्टा पडला म्हणजे बुरशी पाण्याच्या नळ्यांत बसली. त्या झाडाला मुळीवरचा जिवाणू वाचवू शकत नाही. केळणाकाठ, तुमची बाटली खोटी असेल-नसेल, पण ती उशिरा आली, आणि तीही कॉपरच्या मागोमाग. कॉपर बुरशीला मारतं तसं जिवाणूलाही मारतं.

नवा गडी | १० मार्च, सकाळी ७:१५

मॅडम, ट्रायकोडर्मा हा पण बॅक्टेरियाच ना? आमच्याकडं तोच मिळतो.

अदृश्य मळा | १० मार्च, सकाळी ७:४०

नाही दादा, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे. ती दुसऱ्या बुरशीला विळखा घालून खाते, शेणखतात छान वाढते. फरक लक्षात ठेवायचा तो औषधांसाठी: कार्बेन्डाझिमनं ट्रायकोडर्मा मरतो, स्युडोमोनास आणि बॅसिलसला त्याचा फारसा त्रास नाही. कॉपर आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकं यांचं उलट, ती जिवाणूंवर घाव घालतात.

धर्माबादी लाल | १० मार्च, दुपारी ३:२०

माझा अनुभव वेगळा आहे, तोही लिहायला पाहिजे. आमच्याकडं वाळल्या लाल मिरचीचं पीक. दोन वर्षं जिवाणू वापरले, दर पंधरा दिवसांनी सोडले, पैसा घातला. मर तेवढीच राहिली. तिसऱ्या वर्षी रान बदललं. जिथं दोन वर्षं ज्वारी होती तिथं मिरची घेतली, बेड फूटभर उंच केले, खालच्या बाजूनं चर काढला. मर जवळपास थांबली. त्या वर्षी एक रुपयाचं बायो घातलं नव्हतं.

जुनं रान चिबड होतं. वरून पाऊस, खालून पाझर. तिथं देवही आला असता तर मिरची वाचवली नसती. म्हणून माझं म्हणणं, पोरांनी पाकिटावर पैसा घालण्याआधी चरावर घालावा.

दुधनेचं पाणी | १० मार्च, दुपारी ४:०५

काकांचं शंभर टक्के पटतं. फायटोप्थोराचे बीजाणू शेपटीवाले असतात, साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत एका मुळीवरून दुसरीवर जातात. तिथं निचरा हेच औषध. फक्त एक जोडतो: फेरपालट करताना टोमॅटो, वांगी, बटाटा मिरचीच्या आधी नको, आणि फायटोप्थोरा असेल तर काकडी-भोपळ्याची वेलवर्गीय पिकंही नकोत. ज्वारी, मका, गहू चांगले. स्क्लेरोशियम असेल तर सोयाबीन आणि भुईमुगाच्या मागंही मिरची घेऊ नये, ती बुरशी दोघांवरही जगते.

रोपवाली ताई | १० मार्च, रात्री ९:००

माझी सिल्लोड तालुक्यात छोटी रोपवाटिका आहे. मिरचीची रोपंच जास्त जातात. मी जिवाणू वापरायला लागले ते मरीसाठी नाही, ट्रेमध्ये रोपं कोलमडायची म्हणून.

माझी पद्धत सांगते. बियाणं रंगीत असेल तर ते कंपनीतूनच औषध लावून आलेलं असतं, त्याला पुन्हा काही चोळत नाही. साधं, वाणाचं बी असेल तर किलोला दहा ग्रॅम स्युडोमोनास, सावलीत सुकवून लगेच टाकायचं. कोकोपीट भिजवतानाच त्यात जिवाणूची पावडर मिसळते, म्हणजे मुळी फुटते तीच त्यांच्या संगतीत. विसाव्या दिवशी एकदा झारीनं पाणी देते त्यातून परत.

सगळ्यात महत्त्वाचं लावणीच्या दिवशी. ट्रेतलं रोप उपटलं की पांढऱ्या मुळ्यांनी कोकोपीटचा त्रिकोणी गड्डा घट्ट धरलेला असतो. बादलीत लिटरला दहा ग्रॅम पावडर, पाणी नीट ढवळायचं, रोपांचे गड्डे त्यात वीसेक मिनिटं बुडवायचे. बाहेर काढले की पांढऱ्या मुळ्यांवर राखाडी पावडरीचा पातळ लेप दिसतो. तेवढं दिसलं की माझं समाधान होतं. एकरभराच्या लावणीला या कामासाठी दोन बाया लागतात आणि औषध किती लागतं? किलोभर. तेच ड्रिपमधून सगळ्या रानात सोडायचं तर मुळीपर्यंत किती पोचतं कोणास ठाऊक.

लावण संध्याकाळी करा. मल्चिंगच्या भोकातून दुपारची वाफ येते, तिनं बुंधा भाजतो, आणि भाजलेल्या बुंध्यातूनच रोग शिरतो.

अदृश्य मळा | १० मार्च, रात्री ९:३०

ताई, तुम्ही तर सगळं शास्त्र बादलीत आणून ठेवलंत. मुळीला आधी लेप, हेच.

उन्हाचं बोलून घेते, कारण आपली लावण एप्रिल-मेमध्ये आहे. स्युडोमोनास फ्लुरोसन्सला पंचवीस ते तीस अंश मानवतात. एक्केचाळीसला तो वाढत नाही, आणि त्याला स्वतःला वाचवणारा बीजाणू करता येत नाही. बॅसिलस सबटिलिस मात्र कठीण काळात कवचबंद बीजाणू करतो, तो ऊन, कोरड, साठवण सगळं सोसतो. म्हणून माझा सल्ला: लावणीला बॅसिलसवर भर ठेवा, पाऊस पडून जमीन थंडावली की स्युडोमोनास सोडा. दोन्ही एका बादलीत कालवू नका, काही वाण एकमेकांनाही दाबतात. आधीच एकत्र करून दिलेलं मिश्रण असेल तर गोष्ट वेगळी.

हळदीचा गड्डा | ११ मार्च, सकाळी ८:५०

वसमतकडून राम राम. आम्ही हळदीच्या कंदकुजीला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स वापरतो. त्यात उपयोगी बुरश्या आणि जिवाणू दोन्ही असतात. हळदीत, आल्यात आमच्या भागात बरेच जण वापरायलेत. मिरचीवाल्यांनीही विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात एक चक्कर मारावी. जाताना उबळलेलं झाड मुळासकट, मातीसकट घेऊन जा, फोटोवरून अंदाजच होतो.

नवा गडी | ११ मार्च, सकाळी ११:३०

दुकानात दहा पाकिटं असतात. खरं कोणतं ते कसं ओळखायचं? मागच्या वर्षी एक घेतलं, उघडलं तर नुसत्या खडूच्या पावडरीचा वास. दुकान पत्र्याचं, पाकीट शोकेसमध्ये उन्हात ठेवलेलं.

दुधनेचं पाणी | ११ मार्च, दुपारी १२:१०

भाऊ, नुसत्या वासावरून ठरवू नका, टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड, तिला तसा वास असतोच. पाकिटावर चार गोष्टी वाचा. जिवाणूचं पूर्ण नाव आणि शक्यतो वाणाचा क्रमांक. जिवंत पेशींची संख्या: स्युडोमोनास-बॅसिलससाठी ग्रॅमला किमान एकावर आठ शून्य, म्हणजे दहा कोटी. ट्रायकोडर्माला वीस लाख. रोगावर विकायचं तर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक लागतो, तो आहे का. आणि तयार केल्याची तारीख. ‘सर्व रोगांवर गुणकारी’ असं लिहिलेलं आणि जिवाणूचं नावच नसलेलं पाकीट हातात घेऊ नका.

आणि तुम्ही सांगितलं तेच खरं दुखणं आहे. आपल्याकडं मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं. पत्र्याखाली तर त्याहून वर. पाकिटावर दहा कोटी लिहिलंय ते कारखान्यातून निघतानाचं. उन्हात महिनाभर पडलेल्या स्युडोमोनासमध्ये किती जिवंत उरतात? दुकानदाराला मागच्या थंड खोलीतलं द्या म्हणा, बिल घ्या, घरी माठाशेजारी ठेवा.

मातीचा लेक | ११ मार्च, रात्री ८:१५

एवढं विकतचं कशाला? दोनशे लिटरच्या टाकीत पाकीट टाका, दोन किलो गूळ, ताक, बेसन, आठ दिवस ढवळा, जिवाणू कोटीनं वाढतात. मी जीवामृत तसंच करतो, जमीन लोण्यासारखी झालीय.

अदृश्य मळा | ११ मार्च, रात्री ९:२०

दादा, जीवामृताबद्दल माझं काही म्हणणं नाही, जमीन भुसभुशीत झाली असेल तर ती तुमच्या मेहनतीची कमाई आहे. पण तो वेगळा कार्यक्रम आहे. गुळाच्या उघड्या टाकीत कोण वाढतं ते आपल्या हातात नसतं. पाण्यातले, शेणातले, हवेतले जीव स्युडोमोनासपेक्षा वेगानं वाढतात आणि आठ दिवसांनी टाकीत आपण सोडलेला जिवाणू किती आहे हे मायक्रोस्कोपखालीही सांगता येत नाही. आंबट वास आला म्हणजे सामू उतरला, आपला जिवाणू बहुतेक गेलाच. फेस म्हणजे जिवाणू असं नव्हे.

वाढवायचंच तर कुजलेल्या शेणखतात वाढवा. एकरी किलोभर पावडर वीस-पंचवीस किलो मुरलेल्या शेणखतात कालवायची, ओल ठेवायची, सावलीत ढीग, वर ओलं बारदान, दहा-पंधरा दिवस. मग बेडमध्ये रोपाच्या ओळीत. खत ताजं नको, ते तापतं.

मातीचा लेक | ११ मार्च, रात्री ९:४५

ढीग करून बघतो ताई. टाकी जीवामृतालाच ठेवतो.

केळणाकाठ | १२ मार्च, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना रात्री वाचून दाखवलं. धर्माबादच्या काकांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

ठरवलंय ते असं. खालच्या कोपऱ्यात यंदा मिरची नाहीच, तिथं मका. वरच्या एका एकरात बेड उंच, चर काढायचा. रोपं ताईंच्या पद्धतीनं, बॅसिलसच्या बादलीत बुडवून. शेणखत आजच ढिगाला लावलं. मृगानंतर स्युडोमोनास. एक अडचण: आमच्या पाण्याला क्षार आहेत, ड्रिपला महिन्याला ॲसिड द्यावं लागतं. ते चालेल का?

दुधनेचं पाणी | १२ मार्च, रात्री १०:३०

ॲसिड किंवा क्लोरीन दिलं की लाइन चांगली धुऊन घ्या आणि आठ-दहा दिवस जिवाणू सोडू नका. टाल्कची पावडर ड्रिपरमध्ये बसते. रात्री भिजवून वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर द्रवरूप आणा. संध्याकाळी, वाफशावर सोडा. कॉपर फवारायची वेळ आली तर ते पानावरच राहू द्या, मुळाशी आळवणी नको.

अदृश्य मळा | १२ मार्च, रात्री १०:५०

आणखी दोन. पिवळेपणावर चिलेटेड लोह देता ना, म्हणजे ईडीटीए, ईडीडीएचए अशा द्रव्यात बांधलेलं, विरघळून राहणारं लोह, ते स्युडोमोनासच्या आठवड्यात मुळाशी देऊ नका, विशेषतः ईडीटीए रूपातलं. शेर आणि बेकर यांच्या १९८२ च्या प्रयोगात ईडीडीएचए रूपातल्या लोहानं जमिनीची फ्युजेरियम दाबायची ताकद वाढली, ईडीटीए रूपातल्यानं नाही. बुरशीला लोह सहज मिळालं तर जिवाणूची सगळी मेहनत पाण्यात. गरज पडली तर पानावर फवारा.

दुसरं, विनंती आहे. दोन बेड बिनजिवाणूचे ठेवा. बाकी सगळं सारखंच. खुंटी ठोकून ठेवा आणि मेलेली झाडं वहीत मोजा. तुम्हाला स्वतःला कळेल.

रोपवाली ताई | १२ मार्च, रात्री ११:००

हे कराच दादा. मीही ट्रेच्या दोन रांगा तशा ठेवते.

केळणाकाठ | १९ जून, रात्री ८:३०

लावण २८ एप्रिलला झाली, दोन दिवस लागले. बादलीचं काम आईनं आणि काकूनं केलं. चौथ्या आठवड्यात एक रोप मुद्दाम उपटून बघितलं. पांढरी मुळी गच्च, हाताला मातीसकट चिकटून आली. वडिलांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, काही बोलले नाहीत, पण परत लावता येतं का ते विचारलं. पाऊस आजपासून.

केळणाकाठ | २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

जुलैत यंदाही झड लागली. चर वाहत होता, बेडवर पाणी थांबलं नाही. मर आली आहे. आली नाही असं म्हणणार नाही. पण तुरळक, एका ठिकाणी पाच-सहा झाडं, मग पुढं शांत. उबळलेलं झाड दिसलं की त्याच दिवशी मातीसकट उपटून पोत्यात भरून बाहेर नेतोय. खड्ड्यात स्युडोमोनासचं पाणी आणि शेजारच्या दोन-दोन झाडांनाही.

केळणाकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री १०:००

वहीतलं लिहितो. बिनजिवाणूचे दोन बेड, दोनशे वीस झाडं, त्यातली एकोणचाळीस गेली. शेजारचे जिवाणूचे दोन बेड, तेवढीच झाडं, सतरा गेली. सगळ्या एकरात मिळून गेल्या वर्षीच्या मानानं मर फारच कमी.

मॅडम, याचा अर्थ काय घ्यावा?

अदृश्य मळा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

वाचून डोळे भरून आले. पण खरं तेच सांगते. दोन बेडवरून शास्त्र सिद्ध होत नाही, दोन बेडमध्ये मुळातच माती वेगळी असू शकते. मात्र बघा, बिनजिवाणूच्या बेडवरही मर गेल्या वर्षीएवढी नाही. तो चराचा आणि उंच बेडचा हिशोब. त्याच्यावर जो फरक उरला तो बहुतेक मुळीवरच्या लेपाचा. पुढच्या वर्षी खुंट्या वेगळ्या ठिकाणी ठोका, तीन-चार जागी.

धर्माबादी लाल | १० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

पोरा, वही बघून बरं वाटलं. पाकिटाबद्दल माझं मत थोडं बदललं, चराबद्दल नाही. मी यंदा एका बेडला बादली लावून बघतो. आणि त्याच रानात सलग तिसऱ्यांदा मिरची घेऊ नको.

केळणाकाठ | १० ऑक्टोबर, रात्री ९:०५

नाही घेत काका. खोडवा निघाला की वरच्या एकरात रब्बी ज्वारी, वडिलांनी बी काढून ठेवलंय. मिरची विहिरीपलीकडच्या तुकड्यात, तिथं तीन वर्षं मकाच होती. चर दिवाळीनंतर काढतो.

नवा गडी | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

दादा, ढिगाला शेणखत नेमकं कधी लावलं होतं आणि किती दिवस ठेवलं? मी यंदा पहिल्यांदा करतोय.

केळणाकाठ | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

पहिला ढीग मार्चमध्येच घाईनं लावला, तो लावणीपर्यंत सुकून गेला, वाया गेला. दुसरा १२ एप्रिलला, लिंबाच्या सावलीत, पंधरा दिवस. दर तिसऱ्या दिवशी बारदान उचलून हात घालून बघायचो, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढी ओल. लावणीच्या आदल्या दिवशी बेडमध्ये टाकलं. तुमची लावण कधी आहे ते सांगा, तारीख मोजून देतो.